खेळलात छान, शिकवलंत काय?

फुटबॉल कोच होण्यासाठीच्या डी लायसन्सच्या कोर्सचा चौथा दिवस होता. पुण्यातलं एक मैदान, सकाळचे साडेआठ, आणि माझ्यासमोर बारा-तेरा वर्षांची आठ मुलं रंगीत बिब घालून उभी. चिठ्ठीत विषय आला होता पास घेणं आणि देणं. चिठ्ठी उघडली तेव्हा जीव भांड्यात पडला होता. पंधरा वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

मुलांना गोलात उभं केलं, स्वतः मधे गेले, चेंडू मागितला. अंग उघडं ठेवून लांबच्या पायावर घेतला, वळले, समोरच्याला दिला. पुन्हा मागितला, पुन्हा दिला. मुलं खूश झाली. मीही खूश झाले, कारण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इतकं मोकळं वळायला बऱ्याच दिवसांनी जमत होतं. वीस मिनिटं संपली आणि इन्स्ट्रक्टर सरांनी मला बाजूला बोलावलं.

"खेळलात छान. शिकवलंत काय?"

मला काही बोलता येईना. त्यांनीच पुढं विचारलं, "तो निळ्या बिबातला मुलगा. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी त्यानं मागं किती वेळा बघितलं?"

मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, मी चेंडू बघत होते.

"एकदाही नाही," सर म्हणाले. "तुम्ही मात्र दर वेळी बघत होता. चेंडू येण्याआधी दोनदा, खांद्यावरून. त्याला ते सांगितलं कुणी?"

त्या रात्री हॉस्टेलच्या कॉटवर पडून मी त्याच एका गोष्टीचा विचार करत राहिले. मी खांद्यावरून मागं बघते हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. गल्लीत मोठ्या पोरांच्या धक्क्यांपासून वाचता वाचता मानेला सवय लागली असणार. येत होतं, पण सांगता येत नव्हतं. खेळाडूची कोच व्हायला मला जी काही वर्षं लागली, ती या दोन गोष्टींमधलं अंतर चालण्यात गेली.

कोल्हापुरात फुटबॉल शिकायला कुठं जावं लागत नाही, तो पेठेत असतोच. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आबा मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावं मला बाराखडीआधी पाठ झाली. आबा शिरोलीला फौंड्रीत कामाला. पाळी करून आलेले असले तरी मॅच चुकवायचे नाहीत. गॅलरीत बायका जवळजवळ नसायच्याच. मी त्यांच्या मांडीवर बसून शेंगा खात बघायचे आणि मला कधी वाटायचंही नाही की त्या हिरवळीवर बाई का नाही. जे कधी बघितलंच नाही ते चुकल्याचं तरी कसं कळणार?

गल्लीत मला गोलकीपर करायचे, कारण कुणालाच व्हायचं नसायचं. मग एकदा आमचा सेंटर हाफ गावाला गेला आणि मी पुढं आले ती परत गोलात गेले नाही. बूट चुलत भावाचे, दोन नंबर मोठे. आई शिवणकाम करायची, तिच्या कपड्याच्या चिंध्या पुढं कोंबून मी ते घालायचे. सहावीपर्यंत पोरांनी मला खेळू दिलं. त्यानंतर एक दिवस कुणी काही न बोलता टीम पाडताना माझं नाव घेणं बंद केलं. शाळेत मुलींची टीम निघाली ती शालेय स्पर्धेचं पत्रक आलं म्हणून. कबड्डीतल्या चार, खो-खोतल्या तीन, लांब उडीतली एक, आणि उरलेल्या वर्गशिक्षकांनी बोट दाखवून दिलेल्या. जिल्ह्यात तीन संघ आले होते. आम्ही दोन मॅच जिंकून जिल्हाविजेते झालो.

खेळाडू म्हणून माझी कारकीर्द मोठी नाही आणि ती मोठी करून सांगायची मला गरज वाटत नाही. विद्यापीठाकडून खेळले, राज्याच्या संघातून दोनदा राष्ट्रीय स्पर्धेला गेले. शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, अंगावर मिळालेली जर्सी स्पर्धा संपली की धुऊन परत करायची. मणिपूरच्या मुली खेळताना पहिल्यांदा जवळून बघितल्या तेव्हा मी लाईनच्या बाहेर बसून होते. भारताच्या माजी खेळाडू ओइनम बेंबेम देवी, ज्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, त्या त्याच मातीतल्या. मणिपूरच्या त्या मुली चेंडू पायात यायच्या आधी पुढचा पास ठरवत होत्या. आम्ही चेंडू आल्यावर विचार करत होतो. आमच्या पायात कमी नव्हतं. त्यांना कुणीतरी लहानपणापासून बघत होतं, चुकलं की थांबवत होतं. आम्हाला मैदान होतं आणि हौस होती, बघणारं कुणी नव्हतं.

२०१४ साली, मी चोवीस वर्षांची असताना, गुडघा गेला.

हे मी नीट सांगते, कारण पुढचं सगळं यातून आलंय. एका स्पर्धेची फायनल होती. त्याआधी पंधरा दिवस गुडघा सुजत होता, जिना उतरताना आत काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं. आमच्या त्यावेळच्या सरांनी सकाळी विचारलं, "खेळशील का? पट्टी बांधू." मी हो म्हटलं. दुसऱ्या हाफमध्ये डावीकडे वळताना स्टड मातीत रुतला, अंग वळलं आणि पाय तिथंच राहिला. टक्क असा आवाज आला. वाळकी काटकी मोडल्यासारखा. तो मलाच नाही, माझ्या अंगावर आलेल्या मुलीलाही ऐकू आला. ती खेळ सोडून तोंडावर हात धरून उभी राहिली.

त्या सरांचा मला आजही राग आहे. त्यांनी जबरदस्ती केली नव्हती, विचारलं होतं, हे खरं. पण फायनलच्या सकाळी चोवीस वर्षांच्या पोरीला "खेळशील का" म्हणणं, याला विचारणं म्हणत नाहीत. उत्तर दोघांनाही माहीत असतं.

एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. मांडीच्या मागचा स्नायुबंध काढून तो गुडघ्यात बसवला. मग नऊ महिने. पहिले काही दिवस पायाचा स्नायू नुसता आवळायचा, एवढंच काम. पलंगावर बसून टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबायची. ऑपरेशन झालेली मांडी दुसरीपेक्षा चार सेंटिमीटर बारीक झाली होती. आई दर रविवारी तिच्या गळ्यातला टेप काढून गुडघ्याच्या वर वीत मोजायची, तिथं खडूनं खूण करायची, आणि दोन्ही मांड्यांचं माप गिऱ्हाइकांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायची. वर कुणाच्या ब्लाउजचं माप, खाली माझी मांडी. फरक दोनवर आला त्या रविवारी तिनं काही न बोलता शिरा केला.

पाय बरा झाला. पण वळताना मनात जो क्षणभर थांबा यायचा तो गेला नाही, आणि त्या क्षणातच चेंडू जातो. २०१७ च्या जानेवारीत दिल्लीत पहिली इंडियन विमेन्स लीग सुरू झाली. सहा संघ, त्यात आपल्याकडचा पुणे सिटी. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन जिंकला. मुलींसाठी देशात लीग आली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि एका शाळेत कंत्राटी पीटी शिक्षिका म्हणून प्रार्थनेच्या रांगा सरळ करत होते. त्या दिवसांत मी फार रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सुरुवात सात मुलींपासून झाली. त्या शाळेतल्याही नव्हत्या, आमच्याच भागातल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. गल्लीतल्या पोरांना अकॅडमीत घालायला आईबाप रांगा लावत होते. त्या पोरांच्या बहिणी कठड्यावर बसून भावाची बॅग सांभाळायच्या. मी त्यातल्या एकीला विचारलं, "तू नाही खेळत?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही की." सात बॅगा सांभाळणाऱ्या मिळाल्या, ती माझी पहिली टीम.

वर्षभर मी त्यांना जे शिकवलं ते आता आठवलं की त्यांची माफी मागावीशी वाटते. मी त्यांना पळवलं. माझ्या सरांनी मला जसं पळवलं तसंच. मैदानाला दहा राऊंड, मग रांगेत उभं राहून एकेकीनं गोलवर किक. एक मुलगी किक मारते तेव्हा सहा जणी उभ्या असतात, हे मला दिसत नव्हतं. तासाभरात एकेकीच्या पायाला चेंडू पन्नास वेळाही लागत नसेल. मी मोठ्यानं ओरडायचे आणि त्यालाच कोचिंग समजायचे.

डी लायसन्सला जायचं ठरलं ते एका मैत्रिणीमुळं. फीचे पैसे आईनं बचत गटातून उचलले. चोवीस जणांत आम्ही दोघी बायका होतो. कोर्स सहा दिवसांचा. सकाळी मैदान, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान. त्यात डावपेच फारसे नसतात. लहान मुलांशी बोलायचं कसं, उभं कुठं राहायचं, सराव कागदावर कसा मांडायचा, जागा केवढी आखायची, हे असतं. उभं कुठं राहायचं हाही शिकायचा विषय आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मधे उभं राहिलं तर निम्म्या मुली पाठीमागे जातात. कोपऱ्याबाहेर तिरकं उभं राहिलं तर सगळ्या डोळ्यांत मावतात. आणि खेळ थांबवायचा तर लगेच थांबवायचा, जिथं आहेत तिथंच पुतळ्यासारखं उभं राहायला सांगायचं, म्हणजे चूक कुणाच्या तोंडून ऐकण्याऐवजी मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये मी जे केलं ते वर सांगितलंच. सहाव्या दिवशी शेवटचं प्रॅक्टिकल झालं. तेव्हा मी चेंडूला पाय लावला नाही. चार विरुद्ध चार खेळायला लावलं, आणि नियम एकच घातला: पास घेणाऱ्याच्या मागं उभी असलेली मुलगी हाताची बोटं वर करणार, आणि पास घेणाऱ्यानं चेंडू येण्याआधी ती किती ते ओरडून सांगायचं. बोटं बघायची म्हणून मान वळायला लागली. ही कल्पना माझी नव्हे, खूप कोच असं करतात, पण मला ती त्या रात्री कॉटवर पडल्या पडल्या सुचली तेव्हा माझीच वाटली. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि नुसती मान हलवली. मी पास झाले.

परत आले आणि पहिल्याच दिवशी राऊंड बंद केले. मुलींना वाटलं ताईला बरं नाही.

आता मैदानाबाहेरचं सांगते, कारण मुलींच्या कोचचं निम्मं काम तिथं असतं आणि ते कुठल्याच लायसन्समध्ये शिकवत नाहीत.

आमच्याकडे मुली आठवी-नववीत गळतात. बारा वर्षांच्या वीस असतात, पंधरा वर्षांच्या सहा. त्यांचा खेळ कमी झालेला नसतो. घरात कुणीतरी म्हणतं, आता बास झालं. आधी एक दिवस येत नाही, मग चार दिवस, मग भावाच्या हातून किट परत येतं. किट परत आलं की मी त्याच संध्याकाळी घरी जाते. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी. चहा घेते. आईशी आधी बोलते, वडिलांशी नंतर, आणि आजी असेल तर तिच्याजवळ आधी बसते. "पाय मोडला म्हंजे लग्नात कोण बघणार हिच्याकडं?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की मी आता पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून ऑपरेशनची खूण दाखवते आणि सांगते, "मोडला होता माझा. बघा, चालते की नाही." त्यावर एक आजी म्हणाल्या होत्या, "आणि लग्न?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी चहा संपवला. नात मात्र दुसऱ्या दिवशी आली.

दहावीच्या वर्षी मी खेळाच्या सवलतीचे गुण सांगते, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण सांगते. मला हे सांगायला मनापासून आवडत नाही. पोरगी खेळते कारण तिला खेळायला आवडतं, हे कारण पुरेसं असायला हवं होतं. मुलाच्या बाबतीत ते असतं. पण मी सांगते, कारण त्यानं एक वर्ष मिळतं, आणि एका वर्षात मुलगी घरच्यांशी स्वतः बोलण्याएवढी मोठी होते.

पाळीचं मी पहिल्या आठवड्यातच उघड बोलते. आमच्या औषधपेटीत स्प्रे, क्रेप बँडेज, कात्री आणि पॅड एकाच कप्प्यात असतात, मुद्दाम एकाच कप्प्यात. मैदानाला बाथरूम नाही. समोरच्या घरातल्या आजी आमच्यासाठी मागचं दार उघडं ठेवतात. मुलींच्या फुटबॉलसाठी आमच्या भागात कुणी सगळ्यात जास्त केलं असेल तर त्या आजींनी, आणि त्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नाही. स्पोर्ट्स ब्रा हा शब्द आयांसमोर काढायला मला दोन वर्षं लागली. मुली पोटावर हात धरून, खांदे आत घेऊन पळायच्या, आणि मी त्यांना "छाती काढून पळ" म्हणून ओरडायचे. स्वतः बाई असून मला ते कळलं नव्हतं. आता आई कापड आणते आणि मापं घेऊन शिवून देते. तिच्या वहीचं शेवटचं पान आता माझ्या मुलींचं आहे.

गुडघ्यांचं मात्र मी पहिल्या दिवसापासून डोक्यात घेतलं होतं. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आहे. कारणं बरीच सांगतात: उडी मारून उतरताना गुडघे आत पडतात, मांडीच्या मागचा स्नायू पुढच्यापेक्षा कमजोर असतो. आणि माझ्या मते मोठं कारण हे की मुलींना लहानपणी कुणी उड्या मारू देत नाही, आणि मग एकदम चौदाव्या वर्षी बूट घालून मैदानात सोडतं. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्म-अप आहे, पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं, सामान काही लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर त्याचा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला. जे संघ हा वॉर्म-अप करत होते त्यांच्यात दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होत्या. मी हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला नाही. २००८ साली मी अठरा वर्षांची होते. फुकट मिळणारा वीस मिनिटांचा व्यायाम होता, आणि तो आमच्यापर्यंत आलाच नाही.

आता आमच्याकडे त्याशिवाय चेंडू बाहेर निघत नाही. एका पायावर उभं राहून जोडीदारणीला चेंडू टाकायचा व्यायाम आहे, त्यात मी समोर बसून फक्त गुडघे बघते. बारा मुली, चोवीस गुडघे. कुणाचा आत पडतो ते मला आता चेहऱ्याआधी ओळखू येतं.

या मधल्या काळात माझ्याकडे लायसन्स असूनही बाहेरगावच्या स्पर्धांना मला बहुतेक वेळा 'मॅनेजर' म्हणून नेत. मुलींच्या संघाबरोबर बाई असावी लागते, म्हणून. खोल्या वाटायच्या, औषधं द्यायची, फॉर्म भरायचे. मैदानाच्या लाईनवर मात्र कुणीतरी सर उभे. मी बेंचच्या टोकाला बसून त्यांच्या चुका वहीत लिहायचे. ती वही पुढं सी लायसन्सला, म्हणजे डीच्या पुढच्या पायरीला, कामाला आली.

२०२२ सालच्या सुरुवातीला महिला फुटबॉलचा एशियन कप आपल्याकडेच होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. आमच्या मुलींनी भारताच्या तीनही मॅचच्या तारखा भिंतीवर लिहिल्या होत्या. २० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ ला चायनीज तैपेईविरुद्ध संघात कोरोनामुळं तेरा जणीही उभ्या राहू शकल्या नाहीत आणि भारत स्पर्धेतूनच बाहेर गेला. एका मुलीनं विचारलं, "घरच्या मैदानावर, न खेळताच हरलो?" मी तिला जवळ घेतलं. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

फायनल ६ फेब्रुवारीला होती, चीन आणि दक्षिण कोरिया. त्याच दिवशी सकाळी लतादीदी गेल्या. आमच्या घरी चूल पेटायला दुपार झाली. आई मशीनवर बसली होती पण पाय चालत नव्हता. संध्याकाळी टीव्हीवर शिवाजी पार्कची गर्दी दिसत होती, आई पदर तोंडाला लावून बघत होती, आणि मी तिच्याच शेजारी आवाज बंद करून मोबाईलवर मॅच बघत होते. अर्ध्या वेळेला कोरिया २-० पुढं. कॅमेरा चीनच्या बेंचकडे गेला. तिथं शुई छिंगशिया उभ्या होत्या, त्यांच्या कोच. स्वतः जुन्या खेळाडू, १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या संघातल्या. दोन गोल मागं असलेल्या बाईचा चेहरा मला बघायचा होता. मला वाटलं ओरडत असतील. त्या ओरडत नव्हत्या. हात बांधून, मान थोडी तिरकी करून, चेंडू जिकडे होता त्याच्या भलतीकडेच बघत होत्या.

मी आईचा हात धरला. तिला वाटलं मीही दीदींसाठी रडतेय. तेही होतंच. चीनचा पहिला गोल पेनल्टीवर, दुसरा चारच मिनिटांत, आणि तिसरा अगदी शेवटी, इंजुरी टाइममध्ये. ३-२. डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आमच्यापासून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर, एक माजी खेळाडू बाई कोच म्हणून आशियाची विजेती झाली. आपल्याही देशाच्या संघाला गोव्याच्या मेमोल रॉकींनी प्रशिक्षण दिलं, त्याही आधी खेळाडूच. ही नावं मी मुलींना मुद्दाम सांगते. त्यांना खेळाडूंची नावं पाठ असतात, कोचची नसतात.

सी लायसन्स त्यानंतर झालं. त्याबद्दल थोडक्यात: अवघड होतं, मला दोनदा नियोजन परत लिहायला लावलं, आणि व्हिडिओवर स्वतःलाच शिकवताना बघणं ही मी आजवर घेतलेली सगळ्यात कडक शिक्षा. पण ते झालं आणि मी मॅनेजरची कोच झाले, कागदावर आणि लाईनवरही.

गेल्या हंगामातली एक मॅच सांगून थांबते.

सतरा वर्षांखालच्या मुलींची फायनल. आमच्याकडे एक डावखुरी मुलगी आहे. पहिल्या सातातल्याच एकीची धाकटी बहीण. राईट आऊटला लावली तरी आत कापत येते आणि डाव्या पायानं लांबून मारते, बघत राहावं असं. त्या दिवशी सकाळपासून वॉर्म-अपमध्ये तिचा उजवा गुडघा मला बरोबर वाटत नव्हता. उडी मारून उतरताना ती भार डावीकडे टाकत होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही ताई." पहिल्या हाफमध्ये तिनंच एक गोल केला. आम्ही १-० पुढं. हाफ टाइमला पाणी पिताना ती बसली नाही, उभीच राहिली, आणि मला कळलं की ती बसली तर गुडघा आखडेल म्हणून बसत नाही. मी ते ओळखलं कारण मीही तशीच उभी होते, २०१४ साली.

"दुखतंय?"

"थोडं. मी खेळतो ताई, पट्टी बांधा." आमच्याकडे पोरी मी जातो, मी खेळतो असंच बोलतात.

मी तिला विचारलं नाही, खेळशील का म्हणून. ट्रॅकसूटचं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं आणि बेंचवरच्या मुलीला तयार व्हायला सांगितलं. तिनं जाकीट खाली टाकलं. मी उचलून परत टाकलं. दुसऱ्यांदा तिनं ते अंगावर राहू दिलं, पण तोंड फिरवलं ते मॅच संपेपर्यंत.

शेवटच्या पंधरा मिनिटांत आम्ही दोन गोल खाल्ले आणि हरलो. बक्षीस समारंभ चालू असताना तिचे वडील माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "मॅडम, जिंकलेली मॅच होती. तुम्ही घालवली." त्यांच्या जागी आबा असते तर आबाही हेच म्हणाले असते, मला माहीत आहे.

चार दिवसांनी एमआरआय झाला. गुडघ्यात काही नव्हतं. हाडाला मुका मार, तीन आठवडे विश्रांती, बास. रिपोर्ट घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात बराच वेळ उभी होते. म्हणजे ती खेळली असती. कदाचित जिंकलो असतो. तिनं आयुष्यभर सांगितलं असतं अशी फायनल मी तिच्याकडून काढून घेतली होती, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा काढून घेईन. हे दोन्ही मला एकाच वेळी पक्कं माहीत होतं, आणि एकानं दुसरं हलकं होत नव्हतं.

रिपोर्ट मी तिच्यापासून लपवला नाही. तिच्या घरी जाऊन, तिच्या वडिलांसमोर, जसा होता तसा वाचून दाखवला. मग मी म्हणाले, "मला जे दिसलं ते खरं होतं. मला जे वाटलं ते चुकलं." तिच्या आईनं चहा ठेवला. ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

बावीस दिवसांनी ती मैदानावर आली. माझ्याशी काही बोलली नाही, बूट बांधले आणि वॉर्म-अपच्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्या फायनलबद्दल ती अजूनही माझ्याशी बोललेली नाही. एका पायावर उभं राहून चेंडू टाकायच्या व्यायामात तिची जोडीदारीण एक नवी, दहा वर्षांची मुलगी आहे. परवा मी सरावाला मांडलेले प्लास्टिकचे कोन उचलत होते तेव्हा मागून तिचा आवाज ऐकला, त्या छोटीला सांगत होती, "गुडघा बघ तुझा. आत पडतोय. चेंडूकडं नको बघू, मी टाकतो बरोबर."